सातव्या पेटीचा सोळावा दिवस

रकानेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण ऑफिसातल्या चौघांनी इतकी वर्षं तिला याच नावाने हाक मारली, की एकदा कुणीतरी फोनवर तिचं खरं नाव घेतलं, तर उचलणाऱ्याने 'अशा कुणी इथे नाहीत' असं सांगून फोन ठेवूनही दिला. ती शेजारीच डबा उघडत बसली होती. "कुणाचा होता?" तिने विचारलं. "चुकीचा नंबर," तो म्हणाला. हे लक्षात यायला संध्याकाळ झाली, आणि मग आठवडाभर ऑफिसला दुसरा विषय नव्हता.

ऑफिस म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानावरची एक लांबट खोली. तिथे दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइटी बनत. वेबसाइटचं दर्शनी अंग, म्हणजे रंग, चित्रं, सुबक अक्षरं, हे सगळं समोरच्या टेबलावरचा एक तरुण बघायचा. त्याला सगळे 'दर्शनी' म्हणत. रकानेबाईच्या वाट्याला मागची खोली. दुकानदाराला उद्या दुकान बंद असल्याचं कळवायचंय, शाळेला परीक्षेची तारीख बदलायचीय, तर त्यांनी स्वतः कुठे जायचं, काय भरायचं, कुठलं बटण दाबायचं, तो फॉर्म ती करायची. नुसते रकाने. याला कधी कुणी वाहवा म्हणत नाही. फॉर्म चांगला जमला तर माणूस काम करून निघून जातो आणि फॉर्म होता हेच विसरतो. रकानेबाईला नेमकं तेच आवडायचं.

तयार मिळणाऱ्या फॉर्मात चौदा-पंधरा रकाने असतात आणि त्यातले अकरा बनवणाऱ्याच्या सोयीचे असतात, असं तिचं म्हणणं. ते ती आधी झाकून टाकायची. मग उरलेल्यांची नावं बदलायची. आणि चूक झाली की फॉर्म जे लाल अक्षरांत खेकसतो ना, 'अवैध नोंद' वगैरे, त्याच्यावर तिचा फार राग. तिच्या फॉर्मात लिहिलेलं असायचं, 'ही तारीख होऊन गेली आहे. एकदा बघता का?' दर्शनी हसायचा. म्हणायचा, "रकानेबाई, तुमचा फॉर्म पाणी विचारतो आणि खुर्चीही देतो."

हे तिच्यात आलं कुठून, तेही सांगून टाकतो. ती आठ वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन वाचनालयात गेली होती, सभासद करायला. आई कपडे शिवायची, अक्षरओळख बेताची. खिडकीतल्या माणसाने फॉर्म दिला. आईने उभ्या उभ्या भरला. त्याने तो परत ढकलला, आडनावाच्या जागी नाव लिहिलंय म्हणून. दुसऱ्यांदा ढकलला, पत्ता रेघेबाहेर गेला म्हणून. तिसऱ्यांदा का ढकलला ते त्याने सांगितलंही नाही, नुसतं मागच्या माणसाकडे बघितलं. आईचे कान लालभडक झाले होते. तिने फॉर्मची घडी केली, पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चल, आपल्याला उशीर होतोय." कशालाही उशीर होत नव्हता. त्या वाचनालयात त्या दोघी पुन्हा कधी गेल्या नाहीत. मोठेपणी रकानेबाईने हजार फॉर्म केले असतील, पण प्रत्येक फॉर्मच्या पलीकडे तिला ते लाल कान दिसायचे.

आता ती सेहेचाळीसची. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारून विचारून मावश्या आणि आत्या थकल्या. आई आणि ती, दोघी दोन खोल्यांत राहतात. आईचं शिवणाचं मशीन अजून खिडकीशी आहे, आणि प्रत्येक नवा फॉर्म आधी आईपुढे ठेवायचा हा घरचा नियम. आई चष्मा चढवते, भुवया आवळते आणि म्हणते, "हे मला काय विचारतंय?" असं म्हणाली की तो रकाना बाद. आईला भरता आला की तो जगात कुणालाही भरता येणार, एवढी साधी परीक्षा.

तर त्या वर्षी मोठ्या इस्पितळाचं काम आलं.

तिसऱ्या मजल्यावर दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचा वॉर्ड होता. बारा काचेच्या पेट्या, आत ऊब, आत मुठीएवढी बाळं. बाळंतिणी आठ-दहा दिवसांत घरी जातात, बाळं मात्र महिना-दीड महिना तिथेच. येता येईल तशा त्या यायच्या. दाराशी भिंतीवर बारा खिळे, बारा खिळ्यांना बारा पाट्या. रोज सकाळी वॉर्डच्या मोठ्या सिस्टर प्रत्येक पाटीवर त्या त्या बाळाची खबर लिहायच्या. दार उघडायच्या आधीच आईला कळायचं की आज पाय टाकायचा तो कुठल्या मनाने.

पण ज्या आयांना येताच येत नाही त्यांचं काय? वॉर्डचा फोन सदा गुंतलेला. म्हणून वेबसाइट. प्रत्येक बाळाचं एक पान, त्या पानाचा एक नंबर, तो फक्त त्या आईला द्यायचा. इस्पितळाच्या अधीक्षक डॉक्टरांनी एक महिना बघू म्हटलं. सिस्टरांना जमलं तर ठीक. नाही जमलं तर पेटीच्या यंत्रातले आकडेच थेट पानावर जातील, वजन, तापमान, दूध किती मिली. त्याला माणूस लागत नाही.

हे ऐकून मोठ्या सिस्टर रकानेबाईला म्हणाल्या, "आकडे चांगलेच असतात. पण वीस ग्रॅम उतरले हे घरी पडल्या पडल्या एकटीने वाचायचं म्हणजे काय होतं, ते मला माहीत आहे. दूध आटतं." सिस्टर अठ्ठावन्नच्या, उंच, पायात आवाज न करणारे बूट. बोलताना हात एकमेकांवर चोळत राहायच्या. पेटीत हात घालायच्या आधी तो गरम असला पाहिजे, ही सवय.

पहिल्या दिवशी कुणीतरी आधीच बसवून ठेवलेला चौदा रकान्यांचा फॉर्म त्यांच्यापुढे उघडला होता. शीर्षक, उपशीर्षक, वर्गवारी, सारांश, आणखी काय काय. सिस्टर परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "ताई, बाळाला शीर्षक काय द्यायचं?"

रकानेबाईने तो फॉर्म बंदच केला. तिची पद्धत वेगळी. ज्याने भरायचं त्याच्या शेजारी ती अर्धा दिवस वही घेऊन बसायची, तोंडातून अवाक्षर न काढता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती वॉर्डात हजर. काय बघितलं? सिस्टर आधी पेटीपाशी उभ्या राहतात, चांगली दोन मिनिटं. मग पाटी उतरवतात, ओल्या फडक्याने स्वच्छ पुसतात, फुंकर मारून वाळवतात आणि मग लिहितात. आधी बाळाने काय केलं ते. मग दूध. शेवटी आईला काहीतरी. आणि 'नाही' हा शब्द कुठल्याच पाटीवर नसतो. तिने मुद्दाम बाराही पाट्या वाचल्या. खोटंही काही नसतं. 'दूध पचलं नाही' असं न लिहिता सिस्टर लिहितात, 'आज पोटाला सुट्टी दिली आहे.'

तिने तीन रकाने केले. आज बाळाने काय केलं? दूध? आईला निरोप. खाली एक बटण, 'आईला पाठवा'. बाकी सगळं झाकलं. याद्या, तारखा, 'नवी नोंद', 'मागे जा', सगळं. पडद्यावर नुसत्या बारा पेट्या. पेटीला बोट लावलं की त्या बाळाचं पान उघडायचं.

रीतीप्रमाणे तो फॉर्म घरी आपल्या आईपुढे ठेवला. आईने सातव्या पेटीला बोट लावलं, कल्पनेतल्या बाळाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. "उद्याचंही लिहून बघ," रकानेबाई म्हणाली. आईने पुन्हा पेटी उघडली, आधीच्या ओळी एकेक अक्षर करत पुसल्या आणि त्याच जागी नव्या लिहिल्या. रकानेबाई कणीक मळत होती. तिचं लक्ष आईच्या चेहऱ्यावर, भुवया आवळल्यात का ते बघण्यावर. बोटांकडे तिने बघितलंच नाही. आई म्हणाली, "सोपं आहे की." परीक्षा पास.

फॉर्म वॉर्डात सुरू झाला त्याच दिवशी खरोखरीच सातव्या पेटीत एक नवं बाळ आलं. सातव्या महिन्यात जन्मलेला मुलगा, वजन एक किलो आणि वर थोडंसं. सहा तासांच्या अंतरावरच्या लहानशा इस्पितळात झाला आणि तिथून गाडीने इथे पाठवला. आईने त्याला एकदाच, स्ट्रेचरवरून मान वळवून बघितलं होतं. तिच्या पोटावरची टाक्यांची जखम चिघळली, ताप चढला, तिला तिथेच पडून राहावं लागलं. बाप रविवारी यायचा, काचेला नाक लावून उभा राहायचा आणि परत जायचा. म्हणजे त्या आईजवळ बाळ म्हणून जे काही होतं, ते फोनवरचं ते एक पान. सिस्टरांनी हे सांगितलं, ते रकानेबाईने घरी जाऊन आईला सांगितलं. घरी आली की आई रोज विचारू लागली, "सातव्याचं काय?"

चोवीस दिवस काही तक्रार नाही. तिला वाटलं, चला, फॉर्म विसरला गेला, म्हणजे चांगला झाला.

पंचविसाव्या दिवशी अधीक्षकांचा फोन. आवाज थंड. "तुमच्या सिस्टरांना जमलेलं दिसत नाही. माझ्यापुढे यादी आहे. चोवीस दिवसांत सतरा बाळं येऊन-जाऊन झाली, नोंदी किती असायला हव्या होत्या, तुम्हीच सांगा. इथे सतराच आहेत. बाळ आलं की एक, पुढे काही नाही. सोमवारी या. आकड्यांचं ठरवून टाकू."

रकानेबाई तशीच उठली आणि इस्पितळात गेली. जिना चढताना मनात नाही नाही ते. सिस्टरांनी भरलंच नसेल का? घाबरल्या असतील, म्हणून बोलल्या नसतील. पाट्या तर भिंतीवर नेहमीसारख्या ताज्या होत्या. ती काही न बोलता शेजारी बसली.

सिस्टरांनी पडद्यावर तिसऱ्या पेटीला बोट लावलं. कालच्या ओळी उघडल्या. त्यांनी त्या शेवटापासून सुरुवातीपर्यंत पुसल्या, एकही अक्षर मागे न ठेवता. मग आजच्या लिहिल्या. 'आईला पाठवा'. मग चौथी पेटी. पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं.

म्हणजे प्रत्येक बाळाची नोंद एकच, रोज पुसून रोज नवी. अधीक्षकांच्या यादीत सतरा बाळं, सतरा नोंदी. रकानेबाईने कपाळाला हात लावला.

"काही चुकलं का?" सिस्टरांनी विचारलं. हात चोळणं थांबलं होतं.

"तुम्ही कालचं पुसता?"

"पाटी पुसल्याशिवाय कसं लिहिणार?" सिस्टर म्हणाल्या. "मी इथे नवी आले ना, तेव्हाच्या मोठ्या सिस्टरांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात फडकं दिलं होतं, खडू नंतर. म्हणाल्या, काल वाईट गेला असेल तर त्याची रेघसुद्धा दिसता कामा नये. आईला आजचं बाळ भेटलं पाहिजे."

यात सिस्टरांचं काय चुकलं? काहीच नाही. 'नवी नोंद' हे बटण रकानेबाईने स्वतः झाकलं होतं, सोपं व्हावं म्हणून. सोपं करता करता तिने दारच बुजवलं होतं. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईने तिला हे करून दाखवलं होतं. ती कणीक मळत होती.

पण एक गोष्ट तिला माहीत होती, जी सिस्टरांना माहीत असायचं कारण नव्हतं. पडद्यावरच्या या पाटीवरचं खरं तर काहीच पुसलं जात नाही. बटण दाबलं की जुनी प्रत आत कुठेतरी ठेवली जाते, तारीख-वेळेसकट. सहसा ती कुणी उघडून बघत नाही.

ऑफिसात येऊन तिने सातवी पेटी उघडली. प्रती एकाखाली एक आल्या.

'आज आला. गाडीत झोपूनच होता. आता उबेत आहे. आईने काहीतरी खाऊन घ्यावं.'

'वजन जरा उतरलं, पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच उतरतं. हात वळवळा आहे, नळी ओढायला शिकला.'

'दूध चार थेंब जास्त. उचकी लागली की डावी मूठ कानाशी नेतो. झोपतोही तसाच.'

'बाबा आले होते. बराच वेळ उभे होते. दोघांचं कपाळ एकच.'

'आज जांभई दिली. एवढ्याशा तोंडाची ती काय जांभई, पण वॉर्डभर पसरली.'

ती वाचत गेली. दर्शनी चहा घेऊन आला, तिच्या खांद्यावरून वाचू लागला आणि त्याचा चहा हातातच राहिला. मग तिच्या लक्षात आलं, कालपर्यंतचे दिवस चोवीस आणि प्रती सत्तावीस. सोळाव्या दिवसाच्या चार होत्या.

सकाळी सात. 'पहाटे दोनदा श्वास घ्यायचं विसरला. तळव्याला टिचकी मारली की आठवलं.'

अकरा. 'मुलगा दमला आहे. डॉक्टर जवळच आहेत.'

दुपारी तीन. 'आज पोटाला सुट्टी. आईने मात्र जेवावं.'

संध्याकाळी सात. बाळाने काय केलं, रिकामं. दूध, रिकामं. फक्त शेवटच्या रकान्यात, 'मी इथेच बसले आहे.'

सिस्टरांची ड्यूटी सकाळी सात ते तीन.

रकानेबाईने चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. सगळ्या बाळांच्या सगळ्या प्रती तिने छापायला लावल्या. छपाईयंत्र तासभर चालू होतं, आणि कागद संपला तेव्हा दर्शनी न सांगता खाली जाऊन कागद घेऊन आला.

सोमवारी अधीक्षकांच्या खोलीत तिघंच. अधीक्षक, सिस्टर आणि ती. सिस्टर तशाच ताठ बसलेल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. अधीक्षकांनी यादी पुढे सरकवली. "हे बघा, सिस्टर. तुम्हाला दोष देत नाही. या वयात नवीन काही शिकायचं म्हणजे..."

सिस्टरांचे कान लाल झाले.

रकानेबाई कधी मध्ये बोलत नाही. तिच्या आत्याच्या मते तिला तोंडच नाही. पण ते कान बघितले आणि तिच्यातून आवाज निघाला. "डॉक्टर, भरणाऱ्यांचं चुकलेलं नाही. फॉर्म चुकलाय. तो मी केलाय. त्यांनी रोज भरलंय. एक दिवस खाडा नाही." आणि तिने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

अधीक्षकांनी वरवर चाळायला घेतला. दहाव्या पानाला चाळणं थांबलं आणि वाचणं सुरू झालं. माणूस वाईट नव्हता हो, नुसता यादीवर विश्वास ठेवणारा होता. एका पानाशी ते बराच वेळ थांबले. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुमची ड्यूटी तीनला संपते ना?"

"हो," सिस्टर म्हणाल्या.

अधीक्षकांनी गठ्ठा नीट ठोकून सरळ केला आणि रकानेबाईला परत दिला. "आकडे आम्हाला लागतात, ते आमच्याकडे राहतील," ते म्हणाले. "पानावर सिस्टरच लिहितील. माझ्या यादीत नोंदी रोजच्या रोज दिसतील एवढं बघा."

जिन्यात आल्यावर रकानेबाईच्या जिवात जीव आला. तिने त्याच दुपारी फॉर्म बदलला. आता पेटीला बोट लावलं की रकाने कोरे उघडायचे. कालचं आत जपलेलं, अधीक्षकांच्या यादीत मोजलेलं, पण आईच्या पानावर फक्त आजचं. सिस्टरांनी करून बघितलं. "म्हणजे पाटी आपली आपण पुसली जाते, एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "बरंय. माझं फडक्याचं काम वाचलं."

आणि आईला रकानेबाईने घरी जाऊन सगळं सांगितलं. आई मशीनवर बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी पुसत होते तेव्हा तू बघितलं नाहीस होय?" थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्यांना तिथे कुणाला परत ढकलू दिलं नाहीस, हे चांगलं केलंस." वाचनालयाची गोष्ट त्या दोघींनी अडतीस वर्षांत एकदाही काढली नव्हती. त्या दिवशीही काढली नाही. रकानेबाईने फक्त आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. "सातवा घरी चाललाय. त्याची आई येतेय. तुला यायचंय का?" 'ताई'ची 'तू' कधी झाली ते दोघींनाही आठवत नव्हतं.

बाळं जरा मोठी झाली की पेटीतून बाहेर, उघड्या पाळण्यांत ठेवतात. दाराच्या आत सहा पाळणे ओळीने होते. त्यांना नंबर नव्हते. आई आली. बारीकशी, तोंडावर तापाचा फिकटपणा, नवऱ्याच्या दंडाचा आधार घेत सावकाश पावलं टाकणारी. सिस्टर तिला दाखवायला पुढे होणार, तोवर ती नवऱ्याचा हात सोडून एकटीच चालत गेली. पहिला पाळणा नाही, दुसरा नाही. चौथ्याशी थांबली. आत तो झोपला होता, डावी मूठ कानाशी.

"हाच ना?" ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?" सिस्टरांनी विचारलं.

"तुम्हीच."

सिस्टरांनी हात चोळून गरम केले, त्याला उचललं आणि तिच्या हातात दिलं. तिने त्याला धरलं आणि खुर्चीत बसली, आणि मग ती रडली. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. रकानेबाई दाराला टेकून उभी होती, तिचंही काही वेगळं चाललेलं नव्हतं.

जरा वेळाने त्या आईने नवऱ्याला पिशवीतून काहीतरी काढायला सांगितलं. शाळेच्या मुलांची असते तशी साधी वही. "तुमचं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी जायचं ना," ती सिस्टरांना म्हणाली, "म्हणून मी जायच्या आत उतरवून घ्यायचे." सिस्टरांनी वही उघडली. पानापानावर त्यांचीच वाक्यं, दुसरीच्या हातची. पहिला दिवस, दुसरा दिवस, पाचवा. काही दिवशी अक्षर इतकं हललेलं की तापात लिहिलंय हे कळत होतं. एक पान कोरं होतं. वर नुसतं 'सोळा' लिहिलेलं.

"त्या दिवशी मला शुद्धच नव्हती," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी उघडलं तर गेलेलं होतं. काय लिहिलं होतंत? आठवतं का?"

सिस्टरांनी रकानेबाईकडे बघितलं. रकानेबाईच्या पिशवीत तो गठ्ठा सोमवारपासून होता. का बाळगते आहे, हे तिने स्वतःला विचारलंही नव्हतं. तिने त्यातला एक कागद काढला आणि सिस्टरांच्या हातात दिला. द्यायचा की नाही, हे ठरवणं तिचं काम नव्हतं.

सिस्टरांनी तो वाचला. चारही प्रती, आपल्याच. कालचं आज दाखवायचं नाही, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा नियम. त्यांनी आईकडे बघितलं, तिच्या मांडीतल्या मुलाकडे बघितलं, त्याची छाती वर-खाली होत होती ती जरा वेळ बघितली.

"आता वाच," त्या म्हणाल्या. "आता तो तुझ्या हातात आहे."

तिने वाचलं. एकदा, मग पुन्हा. तिच्या ओठांवरून कळत होतं ती कुठल्या ओळीवर आहे. शेवटच्या ओळीशी ओठ थांबले. तिने मान वर करून सिस्टरांकडे बघितलं.

सिस्टर एकदम कामाला लागल्यासारख्या दुपट्यांच्या घड्या करू लागल्या. पाठ वळवूनच त्या रकानेबाईला म्हणाल्या, "असं एक बटण कर गं. सगळे दिवस देणारं. पण घरी जायच्या दिवशीच दिसलं पाहिजे. त्याच्या आधी नको."

"करते," रकानेबाई म्हणाली.

त्या आईने पेन मागितलं. बाळाला क्षणभर कुणाकडे द्यावं म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि ते रकानेबाईच्या हातात दिलं. रकानेबाईने जन्मात एवढं लहान काही धरलं नव्हतं, ती श्वास रोखून उभी राहिली. आईने वही गुडघ्यावर ठेवली, कोऱ्या पानावर 'सोळा'च्या खाली, चारपैकी तीन नोंदी सोडून देऊन, एकच ओळ सावकाश उतरवून घेतली.

मी इथेच बसले आहे.